मध्यंतरानंतरची रिकामी खुर्ची

माझ्या शाळेच्या ग्रुपवर सध्या एक वाद पेटला आहे. आमची एक मैत्रीण रविवारी सासू-सासऱ्यांना घेऊन एका नव्या व्यावसायिक नाटकाला गेली. पहिला अंक संपला, चहा झाला आणि तिघं घरी निघून आली. तिने ग्रुपवर एवढंच टाकलं, "सहन होईना, मध्यंतरातच निघालो." त्यावर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. कलाकारांचा अपमान केलास, पैसे काय झाडाला लागतात का, दुसऱ्या अंकात नाटक उचललं असतं तर, पुणेकरांना मुळात कौतुकाची सवयच नाही. आणि सगळ्यात जास्त अंगठे मिळाले ते या वाक्याला: "अगं, हा सिनेमा नाही, समोर जिवंत माणसं असतात."

मी बरीच वर्षं म्युनिकला आहे, आणि या वादात मी पूर्णपणे मैत्रिणीच्या बाजूची आहे. ती मध्यंतरापर्यंत थांबली, कुणाला त्रास न देता उठली आणि गेली. तिकीट काढून बसलेल्या माणसाला एवढा हक्क असलाच पाहिजे. पण जिवंत माणसांच्या त्या वाक्याला बगल देऊन मला हे म्हणायचं नाही, कारण ते वाक्य खरं आहे.

शनिवार-रविवारी मुंबईहून नाटकाच्या बसेस पुण्याला येतात. दुपारी साडेबाराचा प्रयोग असेल तर मंडळी पहाटेच निघालेली असतात. सेट उतरवायचा, उभा करायचा, लाइट लावायचे, प्रयोग झाला की भराभर सगळं मोडून पुढच्या नाटकाला रंगमंच मोकळा करून द्यायचा. पडद्यामागच्या कामगाराला पैसे मिळतात ते नाईटवर, म्हणजे प्रयोग झाला तर. बहुतेक नटांचंही तसंच. नव्या नाटकांना सरकारी अनुदान आहे, पण निर्माता जगतो तो तिकीटबारीवर. नाट्यगृहाचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, बस, नाईट हे सगळं तीनशे-पाचशे रुपयांच्या तिकिटांमधून निघायचं असतं. आणि रंगमंचावरून पुढच्या रांगा चांगल्या दिसतात. तिसऱ्या रांगेतल्या तीन खुर्च्या दुसऱ्या अंकात रिकाम्या असल्या तर ते प्रत्येक नटाला कळतं, आणि तरीही त्याला तेवढ्याच ताकदीने पुढचं वाक्य टाकावं लागतं. हे मनाला लागणारच.

जर्मनीतला हिशोब वेगळा आहे. इथे सुमारे 140 नाट्यसंस्था शहराच्या किंवा राज्याच्या पैशावर चालतात. त्यांची स्वतःची इमारत असते, नटांना दरमहा पगार असतो, सेट बांधायला स्वतःचं सुतारखातं आणि कपड्यांना शिवणखातं असतं. तिकिटांमधून एकूण खर्चाचा पाचवा हिस्साही जेमतेम निघतो, बाकीचं करदाता भरतो. म्हणून इथला प्रेक्षक उठून गेला तर कुणाच्या घरची चूल विझत नाही. आम्ही बाहेर राहणारे लोक इथल्या एखाद्या सवयीचं कौतुक करताना तिच्यामागचा पैसा सांगायला विसरतो, आणि मग ते कौतुक पुण्यातल्या माणसाला उपदेशासारखं लागतं. या बाबतीत तसं व्हायला नको, म्हणून हे आधी सांगितलं.

तरीही उठून जाण्याची इथली पद्धत पाहण्यासारखी आहे. हिवाळ्यात नाटकाला गेलं की कोट आत नेता येत नाही, तो बाहेर कोटघरात द्यायचा आणि नंबरचा बिल्ला घ्यायचा. अनेक जुन्या नाट्यगृहांत रांगेच्या मधोमध वाट नसते, त्यामुळे मधल्या माणसाला बाहेर पडायचं तर अर्धी रांग उभी करावी लागते. एका संध्याकाळी माझ्या रांगेतलं एक म्हातारं जोडपं प्रयोग सुरू झाल्यावर तासाभराने उठलं. आजोबांनी हातात बिल्ला आधीच काढून ठेवला होता. एकेक माणूस उभा राहत गेला, आणि ती दोघं आमच्याकडे तोंड करून, प्रत्येकाची हळू आवाजात माफी मागत सरकत गेली. लोकांकडे पाठ करून जाणं इथे असभ्य समजतात. दाराशी आजींनी दार हाताने धरून ठेवलं आणि ते आवाज न करता लागेपर्यंत सोडलं नाही. कुणी मान वळवून पाहिलं नाही, कुणी चुकचुकलं नाही. नाटक खरोखरच रटाळ होतं. मी शेवटपर्यंत बसले, कारण मला शेवट पाहायचा होता, आणि त्या दोघांना तो पाहायचा नव्हता. दोन्ही गोष्टी त्या एका रांगेत सुखाने मावल्या.

सगळेच इतके सभ्य नसतात. मुद्दाम दार आपटून जाणारेही इथे आहेत आणि त्यात आपण काही विशेष केलं असं त्यांना वाटतं. पहिल्या प्रयोगाच्या शेवटी दिग्दर्शक आणि नेपथ्यकार नटांबरोबर रंगमंचावर येतात, तेव्हा नटांना टाळ्या आणि लगेच दिग्दर्शकाला मोठ्याने 'बूऽऽ' असा प्रकार मी पाहिला आहे. दिग्दर्शक वाकून नमस्कार करतो आणि उभा राहतो. हे मला पुण्यात यायला नको आहे. त्यात नाटकापेक्षा ओरडणाराच जास्त दिसतो.

शिवाय प्रेक्षक निघून गेले म्हणून नाटक वाईट, असंही नसतं. म्युनिकच्या कामरश्पीले या नावाजलेल्या संस्थेची सूत्रं 2015 मध्ये मातियास लिलिएन्थाल यांच्याकडे आली. त्यांनी नाटकाची चौकटच बदलायला घेतली, आणि वर्षानुवर्षं वर्गणी भरून ठरलेल्या जागी बसणाऱ्या जुन्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी वर्गणी बंद केली. शहराच्या राजकारणातही ते प्रकरण गेलं, आणि 2018 मध्ये त्यांनी करार संपल्यावर, म्हणजे 2020 नंतर, पदावर राहणार नसल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, समीक्षकांच्या कौलात तीच संस्था वर्षातली सर्वोत्तम ठरली. मला या दोन्ही बाजूंत कुणी खोटं बोलताना दिसत नाही. वर्गणीदारांची संध्याकाळ खरंच वाया गेली होती आणि समीक्षकांना खरंच काही नवं दिसलं होतं. उठून जाणाऱ्या माणसाच्या कृतीत एवढंच असतं की आज हे नाटक माझ्यापर्यंत पोहोचलं नाही. त्याला यापेक्षा मोठा अर्थ जोडला की तो अपमान वाटायला लागतो.

आता पुण्याकडे येते. "आपल्याकडे प्रेक्षक नाटकाचा मान राखतो, उठून जाणं हे बाहेरचं खूळ" असं ग्रुपवर एकाने लिहिलं. ते मला पटत नाही. 1880 मध्ये याच गावात अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल रंगमंचावर आणलं, तिथपासून मराठी प्रेक्षक बोलका आहे. ज्या नटाचं नाव 1968 साली उघडलेल्या आपल्या बालगंधर्व रंगमंदिराला आहे, त्याच्या पदांना वन्स मोअरवर वन्स मोअर मिळायचे आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. आवडलं तर ओरडून पुन्हा मागणारा आणि नाही आवडलं तर हुर्यो उडवणारा, असा हा प्रेक्षक होता. नंतर तो मध्यमवर्गीय शिस्तीत गप्प बसायला शिकला. ती शिस्त मला प्रिय आहे, कारण तिच्यामुळे कुजबुजीतलं वाक्यही शेवटच्या रांगेपर्यंत जातं. पण गप्प बसणं म्हणजे शेवटपर्यंत अडकून बसणं, असं कुणी ठरवलं?

2022 चा पुरुषोत्तम करंडक आठवतो का? 1963 पासून चालत आलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात "आव्वाज कुणाचा" च्या आरोळ्या, पुण्यातल्या निम्म्या रंगकर्मींची पहिली पायरी. त्या वर्षी अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी सांगितलं की मानाचा करंडक मिळावा अशी एकही एकांकिका नाही, आणि तो कुणालाच दिला नाही. तेव्हाही हाच वाद झाला होता. मुलांनी महिनोन्महिने रात्री जागवून तालमी केल्या, त्यांचं मन मोडलंत. की उलट, मुलांना खरं सांगण्याइतकी किंमत दिलीत? मी तेव्हा इथून सगळं वाचत होते आणि मला परीक्षकांचा निर्णय बरोबर वाटला होता. करंडक दर वर्षी आपोआप कुणाला तरी मिळणार असेल तर ज्यांनी तो खरोखर मिळवला त्यांच्या हातात काय उरतं?

व्यावसायिक नाटकाच्या टाळ्यांचंही आज तेच झालं आहे. सुट्टीत पुण्याला येते तेव्हा मी हावरटासारखी नाटकं बघते. मालिकांमधला ओळखीचा चेहरा आला की टाळी, विनोद कितीही जुना असला तरी हशा, आणि पडदा पडताना अख्खं नाट्यगृह उभं. मग तेच लोक पार्किंगमध्ये गाडी काढता काढता म्हणतात, "काही दम नव्हता हो." हे वाक्य नाटकवाल्यांपर्यंत कधीच पोहोचत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचतं ते उभं राहिलेलं नाट्यगृह. संहिता दुबळी आहे, दुसरा अंक वीस मिनिटं कापायला हवा, हे त्यांना सांगणार कोण? खोटी टाळी मिळालेला नट पुढच्या प्रयोगाला तीच जागा आणखी ताणतो, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र ग्रुपवरच्या कुणीच मांडली नाही. पुण्यातली नाट्यगृहं आज भरतात ती बरीचशी साठीपुढच्या लोकांमुळे. माझी आई आणि तिच्या मैत्रिणी महिन्याभरापूर्वी तिकिटं काढतात, रिक्षा ठरवतात, साडी निवडतात. त्यांच्यासाठी नाटक म्हणजे चार जणींबरोबरची संध्याकाळ, मध्यंतरातला बटाटेवडा आणि भेटलेली जुनी शेजारीण. नाटक पडेल निघालं तरी संध्याकाळ पडेल नसते. अर्ध्यातून उठायचं तर गुडघे, पायऱ्या, परतीची रिक्षा, सगळंच आड येतं. त्या बसून राहतात याचा अर्थ त्यांना नाटक आवडलं असा निर्मात्याने घेऊ नये, आणि त्या उठत नाहीत म्हणून त्यांना भिडस्त म्हणणंही चुकीचं. मैत्रिणीच्या सासूबाईंनी स्वतःहून "चल गं, घरी जाऊ" म्हटलं, हे मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं.

आणि बसून राहिलेला प्रत्येक जण नाटक बघत असतो असंही नाही. कंटाळलेला माणूस मांडीवर मोबाइल उघडतो, त्याचा निळा उजेड मागच्या चार रांगांच्या डोळ्यांत जातो. 2019 मध्ये सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या मोबाइलना वैतागून नाटकात काम थांबवण्याची भाषा केली होती. अशा प्रेक्षकापेक्षा मध्यंतरात निघून गेलेला प्रेक्षक मला नटाचा जास्त मान राखणारा वाटतो.

माझी अट एका ठिकाणी आहे. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत, जिथे नट आणि पहिली रांग यांच्यात हातभर अंतर असतं, तिथे मी उठणार नाही. तिथे नोकरी सांभाळून तालमी करणारी मुलं काहीतरी करून बघत असतात, आणि करून बघताना चुकायची मुभा त्यांना तिकिटाबरोबरच दिलेली असते. बहुतेक वेळा तिथे मध्यंतरही नसतं. इथे जर्मनीतही हल्ली बरेच दिग्दर्शक दोन-दोन तासांचे प्रयोग मध्यंतराशिवाय करतात, आणि प्रेक्षक पळू नयेत म्हणूनच असं करतात अशी कुरकुर ऐकू येते. मोठ्या, मनोरंजनाचं आश्वासन देऊन जाहिरात केलेल्या नाटकाने तसं केलं तर मला ते बांधून ठेवणं वाटेल. प्रायोगिक नाटकाचं तसं नाही, तिथे एकसंध प्रयोग हा त्या कामाचाच भाग असतो.

ग्रुपवर मी मैत्रिणीला एवढंच लिहिलं की गेलीस ते ठीक, आता का गेलीस तेही नाटकाच्या पानावर दोन ओळींत लिही. कोणता प्रसंग लांबला, कुठे ऐकू आलं नाही, कोणता विनोद सासूबाईंना खटकला. त्या नाटकाचे अजून फार प्रयोग झालेले नाहीत. मराठी नाटक शुभारंभाला जसं असतं तसंच पंचविसाव्या प्रयोगाला नसतं. सुरुवातीच्या प्रयोगांत दिग्दर्शक मागच्या रांगेत किंवा विंगेत उभा असतो, वाक्यं कापली जातात, प्रवेश पुढेमागे होतात. कुठे कापायचं हे त्याला हशा, शांतता, खोकला आणि मध्यंतरानंतर न भरलेल्या खुर्च्या यांवरूनच कळतं. शंभराव्या प्रयोगाला हे सांगून काही उपयोग नसतो, तोवर सगळं घट्ट बसलेलं असतं.

तिने लिहिलं आहे. सासऱ्यांनीही खाली आपली एक ओळ जोडली आहे: पहिल्या अंकातल्या वडिलांचं काम करणारा नट फार चांगला होता, त्याला दुसरं नाटक मिळो.