रुळावरचं साल म्हणजे पीजेच्या स्टेशनाचं साल नव्हे

पाचोरा–जामनेर नॅरोगेजच्या (अरुंद रुळांच्या गाडीच्या), म्हणजे आपल्या पीजेच्या, ओस पडलेल्या स्टेशनाचा फोटो आणि खाली चार ओळी, असा मजकूर खान्देशात सारखा फिरतो. म्हणणं असं: रुळावर अठराशेतलं साल आहे, म्हणजे स्टेशन तेवढंच जुनं, इथला कापूस डबा न बदलता थेट मुंबईला जायचा, पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंची वाचून ड्रायव्हर वेग ठरवायचा, आणि प्रवासी उरले नाहीत म्हणून गाडी बंद पडली. यातलं एकही खरं नाही.

आधी साल. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर उठावाची अक्षरं असतात. लालभडक पोलाद कारखान्यात लाटतानाच ती उमटतात: कारखान्याचं नाव, यार्डाला किती पौंड ते वजन, साल, कधी मागवणाऱ्या रेल्वे कंपनीची आद्याक्षरं. महिना बऱ्याचदा उभ्या रेघांनी दाखवलेला असतो. तारेच्या ब्रशने गंज झाडून खडू आडवा फिरवला की सगळं वाचता येतं. पण हे साल रूळ कधी घडला ते सांगतं, कुठे आणि कधी टाकला ते नाही. मुख्य मार्गावर झिजलेला रूळ निघतो तो साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळांना, जातो. तिथून निघाला की कापून त्याचे कुंपणाचे खांब होतात. मोरीच्या, म्हणजे रुळाखालच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर कोरलेलं साल त्यापेक्षा भरवशाचं, कारण दगडी मोरी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. तरी ते दुरुस्तीचं नाही ना, एवढं पाहावं.

पाचोऱ्यावरून जाणारा जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा) मुख्य मार्ग 1860 च्या दशकातला आणि जामनेरचा फाटा 1918-19 चा. दोहोंत अर्ध्या शतकाचं अंतर आहे. या फाट्यावरच्या शेंदुर्णी, पहूरला गाडी आली तेव्हा खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊन (1906) बारा वर्षं लोटली होती.

कापसाचा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण या मार्गाचं दुखणं तिथेच होतं. पीजेच्या दोन रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर, मुख्य मार्गाचं 1676. नॅरोगेजचा डबा पुढे जाणारच कसा? पाचोऱ्याला प्रत्येक गाठ उतरवायची आणि ब्रॉडगेजच्या डब्यात पुन्हा चढवायची. त्या काळची प्रेस केलेली गाठ 392 पौंडांची, म्हणजे सुमारे 178 किलो. एका माणसाच्याने ती उचलत नाही. हमाल लोखंडी हुक अडकवून ओढणार. हुकाने तरट फाटतं, कापूस बाहेर येऊन मळतो, पावसात भिजला तर भाव पडतो, वर हमाली दुप्पट. ट्रक मात्र जिनिंगच्या (सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) दारात एकदा भरला की मुक्कामी जाऊनच रिकामा होतो. एवढ्या छोट्या अंतरासाठी दोनदा हमाली कोण भरेल? पीजे एकूण 56 किलोमीटरची.

उंचीची पाटी मार्गाच्या मोजणीची खूण आहे. दोन स्टेशनांची उंची सारखी असली तरी मध्ये नाल्याचा उतार आणि पुढे चढ असू शकतो. पाटीवरून तो कळत नाही. ड्रायव्हर पाहतो तो रुळाकडेचा चढउताराचा खांब. त्यावर 100 लिहिलं असेल तर शंभर मीटरमागे एक मीटर चढ किंवा उतार, आणि आडवी पट्टी कुठे झुकलीय त्यावरून दोहोंतलं कोणतं ते समजतं. वेगाच्या मर्यादेच्या पाट्या वेगळ्या.

राहिलं बंद पडण्याचं. पीजे मार्च 2020 पर्यंत धावत होती. टाळेबंदीत देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा तीही थांबली. पुन्हा सुरू झाली नाही, कारण मार्गाचं ब्रॉडगेज रूपांतर आणि जामनेरपुढे बोदवडपर्यंत वाढ ठरली. प्रवासीच नसते तर मार्ग रुंद करून आणखी पुढे न्यायचं कोणी ठरवलं असतं?