शुभ्र दंतपंक्तीच्या इच्छुकांस सविनय सूचना
दात पांढरे करण्याचा निश्चय झालाच असेल, तर दंतवैद्याकडे जाण्याची चूक कृपया करू नये. तो आधी कीड शोधतो आणि पिवळेपणा चहा-मशेरीच्या डागांचा की दाताच्या आतला, असले नसते प्रश्न विचारतो. त्यापेक्षा औषधांच्या दुकानात ज्या खोक्यावरचा चेहरा सर्वांत जास्त हसत असेल, ते खोके उचलावे.

त्यात रंगछटांची पट्टी निघाल्यास ती पहिल्या दिवशी न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्याखाली दाताशी धरावी आणि सातव्या दिवशी खिडकीपाशी, भर उन्हात. गुण आलाच म्हणून समजा.

निळसर पेस्ट घेतली असेल, तर निकाल त्याच सकाळी दिसतो. तिच्यातील ब्लू कोव्हॅरिन हे निळे रंगद्रव्य दातावर पातळ थर धरते आणि पिवळेपणा डोळ्यांना कमी भासतो. आजी आजोबांचे धोतर निळीच्या पाण्यातून काढीत असे, त्यामागे हेच शास्त्र होते. मात्र धोतर दिवसातून चार वेळा चहा पीत नसे.

कोळशाला तर विशेष मान द्यावा. राखुंडी आणि कोळसा आपण मागासलेपणाची खूण म्हणून टाकून दिला होता, तोच आता ‘ॲक्टिव्हेटेड’ हे बिरूद लावून देखण्या डबीत परतला आहे. त्याने हाताला कळ लागेपर्यंत घासावे. वरचे डाग खरवडले जातील आणि त्यांच्यासोबत एनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण कवचही थोडे थोडे झिजेल. ते पुन्हा येत नाही आणि त्याखालचे डेंटिन मुळातच पिवळसर असते, त्यामुळे कालांतराने दात पूर्वीपेक्षा पिवळे दिसू लागून दुसरी डबी घेण्यास सबळ कारण मिळेल.

दातांवर चिकटवायच्या पेरॉक्साइडच्या पट्ट्यांपासून मात्र जपून राहावे, कारण त्या बऱ्यापैकी काम करतात. हायड्रोजन पेरॉक्साइड एनॅमलमधून आत शिरून रंगाचे रेणू तोडते, गार पाण्याचा घोट घेताच कळ थेट कपाळापर्यंत जाते आणि काही महिन्यांनी रंग हळूहळू परत येतो. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले दंतशुभ्रक ग्राहकाला थेट विकता येत नाही. ६ टक्क्यांपर्यंतचे दंतवैद्याच्या हाती असते. आपण असल्या भित्रेपणात पडू नये. खोक्यावर ‘१० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड’ असे वाचून ऊर भरून येऊ द्यावा. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे साडेतीन टक्केच मिळते, हा हिशेब कशाला करावा?

समोरच्या दाताला कॅप असेल, तर ती कोणत्याही पट्टीला दाद देत नाही. आजूबाजूचे दात उजळतील आणि मधोमध ती एकटी जुन्या रंगाची उरेल. अशा वेळी फोटोसाठी ओठ मिटून हसावे. खोके आणण्यापूर्वीही आपण तसेच हसत होतात.