लोकल गार्डियन

बारावीचा निकाल बोर्ड लावतं आणि भोगतात पुण्यातले मामा. सांगली, सातारा, सोलापूर, बीड, कुठलाही जिल्हा घ्या. तिथल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी धनकवडीला नाहीतर सिंहगड रोडला दोन खोल्या आणि एका हप्त्यात अडकलेलं असतं. एरवी वर्षभर त्याची आठवण कुणाला येत नाही. निकाल लागला की मात्र फोन सुरू होतात. 'कसा आहेस रे? बरेच दिवस झाले म्हटलं आवाज ऐकावा.' आवाज ऐकून झाल्यावर पाचव्या मिनिटाला 'तुमच्याकडं ते कॉलेज कसं आहे रे?' येतं.

यंदा पाळी आमच्या अक्काच्या सोन्याची होती. तासगावकडचं गाव, दाजींची द्राक्षबाग, पोरगं हुशार. त्यानं पुण्यातल्या एका जुन्या, दगडी, नामांकित कॉलेजात बी.एस्सी. करायचं असं ठरलं. म्हणजे अक्कानं ठरवलं. सोन्याला विचारलं तेव्हा त्यानं मोबाईलमधून मान न काढता 'चालतंय की' एवढंच सांगितलं. पुढच्या सगळ्या प्रकरणात त्याचं योगदान या दोन शब्दांपलीकडं फारसं गेलं नाही.

दाजींचा सुरुवातीला विरोध होता. त्यांचं म्हणणं, 'विलिंग्डन काय वाईट हाय? १९१९ सालचं कॉलेज. पुण्यातलं फर्ग्युसन ज्यांचं, सांगलीचं विलिंग्डनबी त्यांचंच. डेक्कन एज्युकेशन सोसायटी. मग एकाच दुकानातला माल पुण्यात जाऊन म्हाग कशाला घ्यायचा?' मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे घरात तो कुणीच मनावर घेतला नाही. सोन्याचं कॉलेज या दोन्हींपैकी नव्हे. नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून तीन वर्षं तोंड दाखवायचंय. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांचीही होते, म्हणजे कदाचित चार.

पुण्यातल्या जुन्या कॉलेजांचा एक तोरा आहे आणि तो अगदीच अस्थानी नाही. ती आपल्या विद्यापीठापेक्षा वयानं मोठी आहेत. फर्ग्युसन १८८५चं, स. प. १९१६चं आणि पुणे विद्यापीठ निघालं १९४९ साली. तोवर ही मंडळी मुंबई विद्यापीठाच्या पदराखाली होती. ते विद्यापीठ १८५७चं. त्याची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर तीत पास झाले. दोघांच्या विद्वत्तेबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांना एबीसी आयडी काढावा लागला नव्हता, हेही कुठंतरी नोंदवलं गेलं पाहिजे.

एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. २०२१ साली ही सोय निघाली. मुलानं मिळवलेले क्रेडिट तिथं जमा होतात. पुढं कॉलेज बदललं तरी ते बरोबर येतात. कल्पना उत्तम आहे. फोनवर ही उत्तम कल्पना मी अक्काच्या सासूबाईंना समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, 'बँकंत खातं काढलंसा, बरं केलंसा. पासबुक कुणाजवळ ठिवलंय?'

खातं आधारवरून काढायचं, म्हणजे ओटीपी आला. आणि ओटीपी गेला सोन्याच्या थोरल्या चुलत्याकडं. पोरगं पहिलीत असताना आधार काढलं, तेव्हा घरात एकच मोबाईल होता तो त्यांचा. नंतर नंबर बदलून घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. चुलते दिवसभर बागेत, आणि बागेत रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. मग आम्ही पुण्यातून बटण दाबायचं, अक्कानं घरातून हाक मारायची, गड्यानं बागेत निरोप न्यायचा, चुलत्यांनी कठड्यावर चढायचं आणि खिशातून चष्मा काढून आकडे वाचायचे. तोवर ओटीपी बाद. एकदा सगळं जुळून आलं, आकडेही वेळेत आले, पण ते गॅस सिलिंडरचे निघाले. शेवटी संध्याकाळी चुलत्यांना गावच्या चौकात बसवलं, शेजारी चहा ठेवला आणि मगच बटण दाबलं. बँकेत खातं उघडलं. शिल्लक शून्य.

दाजी प्रवेशासाठी स्वतः आले. बरोबर एक फाईल, जिला ते 'डाक्युमेंट' म्हणत होते. मार्कशीट, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, सातबारा आणि सोन्याला चौथीत चित्रकलेत मिळालेलं प्रशस्तिपत्र. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. सातबारा कशाला, असं विचारलं तर म्हणाले, 'असू द्या पाव्हणं. कुठं काय मागतील सांगता येत न्हाई.' प्रत्येक झेरॉक्सवर मुलानं स्वतः सही केली की काम होतं, साक्षांकनासाठी अधिकारी शोधत फिरण्याचे दिवस गेले, हे त्यांना पटवायला वेळ लागला. ते गावाकडून एका डॉक्टरांचा हिरव्या शाईतला शिक्का सगळ्या झेरॉक्सवर मारून आले होते. डॉक्टर जनावरांचे होते. पण सरकारी होते.

फोटोंचं तर विचारूच नका. पांढऱ्या बॅकग्राउंडचे बत्तीस फोटो छापून आणलेले. ऑनलाईन अर्जात फोटो चढवायला घेतला तर अर्ज म्हणाला, साईज पन्नास केबीपेक्षा कमी हवी. मी दाजींना म्हटलं, फोटो छोटा करावा लागेल. ते उठून बाहेर गेले आणि तासाभरानं स्टॅम्प साईजचे बत्तीस घेऊन परत आले.

आता खिडकी. ऑफिसची वेळ अकरा ते एक, असा बोर्ड. खिडकी उघडते साडेअकराला आणि 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य बाहेर येतं पावणेबाराला. आमचा नंबर लागला तेव्हा जेवणाची सुट्टी सहा मिनिटांवर आली होती. दाजींनी फाईलमधून शाळा सोडल्याचा दाखला काढला, ओरिजिनल एलसी, आणि दोन्ही हातांनी धरून आत सरकवला. दाखला झळाळत होता. दोन्ही बाजूंनी जाड, कडक, चकचकीत लॅमिनेशन. कोपरेसुद्धा गोल कापून घेतलेले.

क्लार्क बाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, नखानं टोकरून पाहिला.

'हे कुणी केलं?'

'मीच,' दाजी अभिमानानं म्हणाले. 'ओरिजिनल हाय न्हवं. भिजू नये म्हणून.'

'शिक्का कुठं मारू मी यावर?'

दाजींना वाटलं, विचारताहेत म्हणजे पर्याय आहे. त्यांनी वाकून उजव्या कोपऱ्यातली मोकळी जागा बोटानं दाखवली. बाईंनी काही न बोलता तिथं शिक्का मारला आणि त्यावरून अंगठा फिरवला. कॉलेजचं नाव, सन, 'प्रवेश दिला', सगळं एका निळ्या फराट्यात पसरलं. मागच्या रांगेतून 'लॅमिनेशन आहे, लॅमिनेशन आहे' अशी कुजबूज शेवटपर्यंत गेली, आणि दोन-तीन बापांनी आपापल्या पिशवीत हळूच डोकावून पाहिलं.

दुसरी एलसी काढायची तर परत गाव, परत शाळा, तिथं अर्ज, प्रतिज्ञापत्र. प्रवेशाची मुदत उद्यापर्यंत. दाजी खिडकीच्या गजाला धरून उभे. मी माझ्या परीनं अजीजी करून पाहिली. बाईंनी घड्याळाकडं पाहिलं, मग दाजींकडं पाहिलं, मग ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला, दाखल्याच्या मागं खाट-खाट दोन पिना मारून स्टेपल केला आणि त्या कागदावर शिक्का ठोकला. सही. तारीख. 'नेक्स्ट.' ज्या इमारतीला शंभर वर्षं झाली ती काही उगाच झाली नाहीत; तिच्यात अशी माणसं बसतात.

या सगळ्या वेळात सोन्या कुठं होता? जिन्यावर बसून गेम खेळत होता. त्याला म्हटलं, झाला रे तुझा प्रवेश. म्हणाला, 'चालतंय की.'

मग विषय निवडायचे. आमच्या वेळी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स म्हटलं की संपलं. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, त्याखाली भारतीय ज्ञान प्रणाली, त्याखाली मूल्यशिक्षण, कौशल्य, भाषा. ओपन इलेक्टिव्ह आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे सायन्सच्या पोरानं आर्ट्स किंवा कॉमर्सकडचं काहीतरी शिकायचं. मला हे मनापासून आवडलं. दाजींना नाही. 'बी.एस्सी.ला पैसं भरलं आन् ह्यो आता हिशोब शिकणार? हिशोब मी शिकवला नसता व्हय फुकट?' पण त्यांना खरा धक्का पुढं बसला. एका वर्षानं बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स, असं माहितीपत्रकात छापलेलं होतं. दाजींनी ते पान पुन्हा वाचलं, घडी घातली आणि खिशात टाकलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'एका वर्षानं सोडलं तरी कागद मिळतोय, हे पोराला कळू देऊ नका.' सोन्या पाठीमागून म्हणाला, 'मला माहितीय ते.'

रॅगिंगविरोधी हमीपत्र मुलाचं वेगळं आणि पालकांचं वेगळं. यूजीसीच्या २००९ सालच्या नियमांनी ते सक्तीचं झालं आणि योग्यच झालं. दाजींनी त्यातली ओळ न् ओळ वाचली. मग सोन्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, 'ह्यो कुणाला छळंल असं वाटत न्हाई. छळायला बोलावं लागतंय.'

हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं नाही. राहिली पेठ. पेठेत खोली मिळत नाही, कॉट मिळते. पाट्याच तशा असतात, 'मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा'. एका वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अशी एक कॉट सापडली. मालकीणबाई सत्तरीच्या, चष्मा दोरीला. त्यांनी सोन्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मुलाखत घेतली माझी.

'लोकल गार्डियन तुम्ही?'

'हो.'

'रात्री फोन केला तर उचलता का?'

'उचलतो.'

'साडेदहानंतर?'

इथं मी चाचरलो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग माझे दोन फोटो, माझ्या आधारची प्रत, माझी सही, माझ्या बायकोचा नंबर. नियम वाचून दाखवले तेही मला. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, खोलीत शिजवायचं नाही, कपडे गॅलरीत वाळत घालायचे ते आतल्या दोरीवर. मी प्रत्येकाला मान डोलावत होतो. खाली उतरल्यावर लक्षात आलं, कॉटवर झोपणाऱ्याचं नाव त्यांनी विचारलंच नव्हतं.

सामान एसटीनं आलं आणि मी स्वारगेटला आणायला गेलो. अक्का स्वतः आलेली, बरोबर आजींनी शिवलेली वाकळ. ज्यांनी अस्सल वाकळ उचललेली नाही त्यांना काय सांगणार! जुन्या लुगड्यांचे थर, बारीक टाका, आणि वजन असं की ती पांघरल्यावर माणूस कूस बदलत नाही, ठरवतो. शिवाय ज्वारीचं पीठ, बेदाण्यांची पिशवी, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, तूप, जयसिंगपूरचा भडंग आणि स्टीलची बादली. मी म्हटलं, अक्का, बादली पुण्यात मिळते. 'प्लास्टिकची मिळत आसंल,' ती म्हणाली. पिठाचं काय करायचं, तिथं शिजवायला बंदी आहे, असं विचारल्यावर तिनं माझ्या बायकोकडं पाहिलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. पीठ आमच्याकडं राहिलं.

कॉट सहा बाय अडीच. वाकळ अंथरली तर दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत, आणि सामान लावल्यावर सोन्याला बसायला जागा उरेना. तो उभाच राहिला, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात स्टीलची बादली. अक्काचे डोळे भरून आले. दाजी खिडकीची कडी नीट लागते का ते पुनःपुन्हा तपासत राहिले. निघताना तिनं मला जिन्यात गाठलं. 'तू हाईस म्हणून सोडतोय बघ. नाहीतर ह्याला काय कळतंय?'

पहिला आठवडा मी रोज फोन केला. उचलायचा, 'बरंय' म्हणायचा, ठेवायचा. मेस बघितली का? बघितली. लेक्चर सुरू झाली का? झाली. मित्र झाले का? बघतो. पोरगं एकटं पडलं असेल, या विचारानं मला झोप लागेना. बायको म्हणाली, तुम्हीच हॉस्टेलला जाऊन राहा.

रविवारी संध्याकाळी बेल वाजली. पुण्यातली कुठलीही मेस रविवारी दुपारी गोड करते आणि संध्याकाळी बंद असते, हे मला ठाऊक होतं. पण ते सोन्याच्या संदर्भात सुचलं नव्हतं. दारात तो, त्याच्या मागं पाच पोरं. एक लातूरचा, एक जळगावचा, दोन कोकणातले, एक म्हणे इथलाच चिंचवडचा, पण त्यालाही भाकरी खायची होती. आठवडाभरात हा पोरगा एवढ्या जणांशी कधी आणि काय बोलला, देव जाणे. सगळ्यांनी ओळीनं वाकून नमस्कार केला. बायकोनं पिठाचा डबा काढला.

भाकरी तव्यावर पडेपर्यंत लातूरचा माझ्याजवळ येऊन बसला. 'मामा, सोन्या सांगत होता, तुम्हाला सगळं येतं. माझा एबीसी आयडी राहिलाय. आणि ह्याच्या फोटोची साईज जास्त होतीय.'

मी चष्मा लावला. 'आधारला नंबर कुणाचा आहे?'

'आजोबांचा.'

'आजोबा आत्ता कुठं आहेत?'

'कीर्तनाला.'