जिभेला सवय कशाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

मी एका सेंद्रिय लागरचं (लागर हा बिअरचा एक प्रकार) परीक्षण लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप तीन: एकाच बाटलीवरून निकाल दिला, बिअर किती थंड होती ते लिहिलं नाही, आणि "तुमच्या जिभेला रसायनांची सवय झालीय, म्हणून सेंद्रिय लागरला 50 पैकी 26 दिलेत."

तापमानाचं मान्य. 7 अंशांवर चाखली होती, ते लिहायला हवं होतं. आता लेखात घातलंय. फ्रिजमधून काढून 3-4 अंशांवर थेट ओतली की वास दबतो, त्याबरोबर दोषही झाकले जातात. तेव्हा हे विचारलंत ते बरं केलंत.

पण जिभेचं काय? बिअरबद्दल हवं ते बोला, माझ्या जिभेपर्यंत यायचं कारण नव्हतं. बारा वर्षं गुणपत्रिका भरतोय. उचलली जीभ लावली टाळ्याला हा प्रकार इथे कुणी केला असेल तर तो मी नाही.

'सेंद्रिय' हा शिक्का मुख्यतः शेताचा. बार्ली आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) कसे पिकवले ते तो सांगतो. उकळताना, आंबवताना किंवा साठवताना काय बिघडलं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अमेरिकेत तर 2012 संपेपर्यंत सेंद्रिय शिक्क्याच्या बिअरमध्ये बिगरसेंद्रिय हॉप्सही चालत होते. म्हणजे शिक्का पाहून चव ठरवायची सोय तेव्हाही नव्हती.

आता ती बिअर. बाटली हिरवी. ओतल्याबरोबर उग्र वास आला, जळक्या रबरासारखा, थोडा लसणाकडे झुकणारा. हा प्रकाशाचा प्रताप. हॉप्समधून आलेली कडू द्रव्यं, म्हणजे आयसोह्युम्युलोन, प्रकाशाने फुटतात, त्यांचा तुकडा बिअरमधल्या गंधकाशी जुळतो आणि थायॉल हे उग्र वासाचं गंधकयुक्त द्रव्य तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच हा प्रकाश बराच अडवते, हिरवी थोडाच, पारदर्शक जवळपास नाहीच. थेट उन्हात काही मिनिटं पुरतात. हॉप्स सेंद्रिय होते का, हे थायॉल विचारत नाही. रसायन म्हणायचं तर हे घ्या रसायन, तुमच्या आवडत्या बाटलीत!

त्या वासाखाली उकडलेल्या मक्याचा वास होता, तो डायमिथाइल सल्फाइडचा. फिकट माल्टमधल्या (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली) एका घटकापासून हा सल्फाइड बनतो: वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा माल्टचा गोड रस, तापला की तो बनत राहतो आणि वाफेबरोबर उडून जातो. भांड्यावर झाकण ठेवून उकळलं, किंवा उकळी थांबल्यावर वर्ट सावकाश थंड केला, की तो आतच राहतो. लागरमध्ये पुसटसा खपतो. इथे तो घोटाच्या शेवटापर्यंत टिकून होता.

बीजेसीपी या बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या गुणपत्रिकेप्रमाणे हिशोब असा: गंध 12 पैकी 4, रूप 3 पैकी 3, चव 20 पैकी 10, तोंडातला भरीवपणा 5 पैकी 4, एकूण परिणाम 10 पैकी 5. सेंद्रियपणाला त्यात रकाना नाही, आणि मी तो हाताने आखणार नाही.

एका बाटलीचा आक्षेप: बंद खोक्यातली दुसरी मिळाली असती तर गंधाचे दोन-तीन गुण वाढलेही असते. पण मक्याचा वास कुठे गेला असता?

जिभेचीच परीक्षा घ्यायची असेल तर त्रिकोणी चाचणी करा. एकाच प्रकारच्या दोन ताज्या लागर घ्या, एक सेंद्रिय, एक साधी, दोन्ही तपकिरी बाटलीतल्या. तीन अपारदर्शक ग्लासांत 60-60 मिली, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा दुसरा कुणीतरी हवा, आणि वेगळा ग्लास दर फेरीला जागा बदलत राहिला पाहिजे. ग्लासात साबणाचा अंश नको, फेस लगेच बसतो. काचेचा ग्लास अस्वच्छ असेल तर आतून बुडबुडे चिकटलेले दिसतात, अपारदर्शक ग्लासात ते दिसणार नाहीत, म्हणून आधीच खळखळून धुवा. मध्ये पाण्याची चूळ. वेगळा ग्लास कोणता, एवढंच सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा बरोबर येतं, म्हणून 12 फेऱ्या करा आणि किमान 8 बरोबर आल्या तरच फरक कळतो म्हणा. एका दमात नको, तीन-चार दिवसांत वाटून घ्या, नाहीतर शेवटच्या फेऱ्यांत जीभ नव्हे, बिअर बोलेल.

8 जमल्या तर आकड्यांसकट कळवा, इथेच छापतो. नाही जमल्या, तर इतरांच्या जिभा मोजणं तेवढं थांबवा.