पेरू देशातल्या तांबोपाता जंगलाच्या टूरच्या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा 2 स्टारचा रिव्ह्यू वाचला. "पेरूच्या जंगलात नेऊन पहाटे 4 ला उठवलं, चिखलात चालवलं आणि दिसलं काय तर माकडं आणि उंदीर, पाणमांजर नाहीच." तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. जेवणात रोज तोच भात होता हेही मान्य.

पण ते 4 वाजताचं बोलल्याशिवाय राहवत नाही. सान्दोवाल तळं म्हणजे गाडी लावली आणि उतरलो असं नाहीये हो, आधी माद्रे दे दिओस नदीतून बोट, मग चौकीवर नोंद, मग 3 किलोमीटर गमबूट घालून चिखलातून पायी आणि तळ्यात मोटर लावायला परवानगीच नाही, वल्ही मारत जायचं. जायंट ऑटर म्हणजे ते जवळपास माणसाएवढं लांब पाणमांजर, तिकडचे लोक त्याला नदीतला लांडगा म्हणतात, ते सकाळी सकाळी अख्खं कुटुंब घेऊन मासे धरायला निघतं, उन्हं वर आली की दिसणं अवघड. म्हणून पावणेपाचची बोट. आदल्या रात्री जेवताना 2 वेळा सांगितलं होतं. सुटली 5:40 ला! का ते मी इथे लिहिणार नव्हतो, पण विषय तुम्हीच काढलात, दुसरा चहा कोणी मागवला आणि धक्क्यावरून परत खोलीत कॅमेऱ्याची बॅटरी आणायला कोण गेलं हे बाकीच्या 11 जणांना माहीत आहे. आपण तळ्यावर पोचलो साडेसातच्या पुढे. तेव्हा दुसऱ्या एका ग्रुपची होडी काठाला परत लागत होती, त्यांच्या मोबाईलवर 5 पाणमांजरं बघून सगळ्यात जास्त जीव माझा जळला. आणि तुम्ही लिहिता "गाईड स्लो होता".

बरं, उंदीर म्हणजे कॅपिबारा. उंदराच्याच कुळातला आहे, खोटं नाही, पण जगातला सगळ्यात मोठा, 50 किलोच्या आसपास भरतो, लोक मुद्दाम तो बघायला येतात. आणि पहाटे "जनरेटरचा आवाज" होता तो हाउलर माकडांचा, 2-3 किलोमीटरवरून ऐकू येतो, तो बंद करणं आमच्या हातात नाही.

जॅग्वार म्हणजे तिकडचा बिबट्यासारखा मोठा प्राणी, तो दिसेलच याची गॅरंटी तिथे कोणीच देत नाही. ब्रोशरच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो आहे, ते मात्र आमचं चुकलं, तो आतल्या पानावर घेऊ किंवा खाली काहीतरी लिहू. भाताचंही बघतो.

आमचं ऑफिस म्हणजे मी आणि बायको, कोरोनात 2 वर्षं बंदच होतं, आता कुठे वर्षाला 2 ग्रुप निघतात. तुमचा रिव्ह्यू वाचून जुलैच्या ग्रुपमधल्या दोघांचे फोन आले, म्हणून एवढं लिहिलं, राग मानू नका.

काकूंना नमस्कार सांगा. तुमचा बॅटरीचा चार्जर लॉजवर राहिला होता तो मी आणलाय, ऑफिसला या कधीही, नाहीतर कुरियर करतो.