वाफेचं इंजिन जपायचंय? आधी पेंटर बोलवा

तुमच्या ऑफिससमोर, चौकात किंवा गार्डनमध्ये एखादं जुनं वाफेचं इंजिन आणून ठेवायचा विचार चालू असेल तर आधी अभिनंदन. मी यातला एक्सपर्ट वगैरे नाही. पण मागच्या रविवारी आमच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, असंच एक चबुतऱ्यावरचं इंजिन दाखवायला घेऊन गेलो होतो आणि तेव्हापासून डोक्यात एकाहून एक आयडिया येऊन राहिल्या. मामाजी छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेजवर, इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन होते. जागेचं नाव विचारू नका, नागपुरातलं मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम नव्हतं एवढंच सांगतो.

तर पहिली गोष्ट, रंग. आधी गंज खरवडा, मग प्रायमर मारा असं कोणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. गंजावरच ऑईल पेंट मारायचा. बॉयलर लाल, चाकं चंदेरी, कडेनं सोनेरी पट्टा, म्हणजे लांबून बघणाऱ्याला इंजिन आहे की लग्नाच्या बँडवाल्यांची गाडी हे कळलं नाही पाहिजे. २६ जानेवारीला एक हात, १५ ऑगस्टला दुसरा हात. चाकांना जोडणारे ते लांब दांडे असतात ना, त्यांच्यावर तेल घालायला छोट्या वाट्या असतात, त्यांच्यावरूनही ब्रश फिरवून तोंडं बंद करून टाका. तेल कोण घालणार आहे तिथं?

एलईडीच्या माळा लावायला सरळ ड्रिल मारा.

पाटी मात्र ग्रॅनाइटचीच पाहिजे. फीत कोणी कापली, प्रमुख उपस्थिती कोणाची, सगळं लिहा. इंजिन कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली बनलं, कोणत्या लाईनवर धावलं हे लिहायला जागा उरत नाही, चालते. बनवणाऱ्याची पितळी प्लेट तसंही कोणीतरी आधीच भंगारात विकून पान-खर्रा खाऊन मोकळा झालेला असतो.

सोबत जुना लाकडी डबा मिळाला तर सोन्याहून पिवळं. सागवानाचा सांगाडा आणि वर छताला रंग पाजलेलं कॅनव्हास असते, ते एकदा फाटलं की पाणी आत शिरून लाकूड कोपऱ्याकोपऱ्यातून कुजत जाते. पण तुम्ही काहून टेन्शन घेता? नागपूरचा मे महिना फटी पाडून देईल, पुढचं वाळवी बघून घेईल, आणि तोवर आत मोमोज विकता येतात.

आता सगळ्यात महत्त्वाची टिप. धुरांडं उघडं ठेवा. पाऊस थेट आत गेला पाहिजे. इंजिनाच्या पुढच्या गोल पोटात, स्मोकबॉक्समध्ये, जुनी राख आणि काजळी साचलेली असते, कोळशातलं गंधक असते त्यात, आणि ते ओलं झालं की तेजाब तयार होतो जो पत्रा आतून खात जातो, शांतपणे, बाहेरच्या लाल रंगाला काही कळू न देता. मामाजी सांगत होते की शेडमध्ये इंजिनातली आग खाली पाडून विझवली की राख काढल्याशिवाय घरी जायची सोय नव्हती, शिव्या बसायच्या. इथं किती वर्षांची राख आहे देव जाणे. मामाजी चबुतऱ्यावर चढले, मला मोबाईलचा टॉर्च मारायला लावला, आधी फायरबॉक्सचं, म्हणजे कोळसा जाळायच्या भट्टीचं, दार उघडून पाहिलं तर आत खर्र्याच्या पन्न्या, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि एक चप्पल. एकच. मग पुढे आले, स्मोकबॉक्सच्या खालच्या बाजूला अंगठ्यानं दाबलं, आणि तो लाल रंग पापडासारखा आत गेला. अंगठा दुसऱ्या पेरापर्यंत आत. बाहेर काढला तर नुसता तांबडा भुगा. एवढ्यात शिट्टी वाजली आणि सिक्युरिटीवाला धावत आला, "ओ काका, हात नका लावू, हेरिटेज आहे ते!"

मामाजींनी रुमालानं अंगठा पुसला आणि एवढंच विचारलं, "धुरांड्यावर झाकण काहून नाही बाप्पा?"

तो म्हणे, "झाकण फोटोत दिसते."

आणि चालवायचा विचार? छे छे. १८५५ साली इंग्लंडमध्ये लीड्सला बनलेली फेअरी क्वीन १९०९ मध्ये निवृत्त झाली, ८८ वर्षांनी, १९९७ ला, पुन्हा रुळावर आली आणि दिल्लीहून अलवरपर्यंत टुरिस्ट घेऊन धावली, गिनीजमध्ये नाव गेलं, तर त्यात काय मोठं? हरियाणात रेवाडीला जुन्या शेडमध्ये अजून वाफेची इंजिनं पेटवतात, तेही वेडेच असतील. आपल्याकडे स्मोकबॉक्समध्ये स्पीकर ठेवलाय ना, बटण दाबलं की कूऽऽ छुक छुक वाजते. एवढंच तर पाहिजे पब्लिकला.

नाही, पण खरंच सांगा, ज्यांना हे काम येते त्यांना कोणी विचारलं का? थंड इंजिन एकदम पेटवायचं नसते, तासन् तास हळूहळू तापवायचं असते, नाहीतर पत्रे आणि नळ्या ताणून गळायला लागतात. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसलं पाहिजे. ते खाली गेलं तर फायरबॉक्सच्या छतातला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ आगीवर पडते, हा शेवटचा इशारा. बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरनं पाणी पकडलं की नाही हे मामाजी आवाजावरून सांगायचे, तो सूर त्यांनी मला तोंडानं काढून दाखवला, सिक्युरिटीवाला हसत होता. ही माणसं सत्तरीच्या पुढे गेली आहेत. यवतमाळची छोट्या लाईनची गाडी, शकुंतला, १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती, म्हणजे ती चालवणारे हातही इथंच विदर्भात कुठंतरी असतील. तुम्ही उद्घाटनाला हार घालायला गावभरचे पुढारी गोळा केले, एक फायरमन बोलावला नाही.

लाज वाटली पाहिजे. चालू करा म्हणत नाही कोणी, बॉयलर टेस्ट, नळ्या, परवानग्या, तो खर्च कळतो मलाही. पण गंजाला रंग फासून त्याला जतन म्हणू नका. आणि आपणही काही साधे नाही. २०१५ ला छिंदवाड्याची छोटी लाईन बंद झाली, २०१९ ला नागभीडची, तेव्हा स्टेटसवर रडके इमोजी टाकणारे आपणच, आणि फायरबॉक्समध्ये खर्र्याची पन्नी कोंबणारेही आपणच. चाकावर खिळ्यानं बदाम काढून नावं कोरलीत, ती काय लंडनहून आले होते कोरायला?

जूनमध्ये पाऊस येईल. त्याच्या आत राख काढा, दोन पोरं आणि एक घमेलं, सकाळचं काम आहे. आणि धुरांड्यावर पत्र्याचं झाकण ठेवा. इतवारीतला कोणताही पत्रेवाला चहा पिता पिता करून देईल. माप घ्यायला वर चढायचीही गरज नाही, मामाजींना तोंडपाठ आहे.