साठ दिवे आणि बंद पंखा

18 मे 1974, शनिवार. चेंबूरला आमच्या मैत्रिणीचा नववा वाढदिवस. सकाळी रेडिओवर पोखरणच्या अणुचाचणीची बातमी आली आणि संध्याकाळी आम्ही वेफर्स खात असताना मोठी माणसं एकमेकांना पेढे देत होती. तिचे बाबा ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात नोकरीला. कुणी काही विचारलं की नुसते हसायचे. बॉम्बला घाबरायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तिच्या वाढदिवसाला सरकारने फटाका उडवला, एवढंच आमच्या डोक्यात.

2025 मध्ये त्याच तारखेला तिची साठी झाली. मी न्यू जर्सीत सकाळच्या चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर, बाकीच्या तिच्या घरी. कणकेचे साठ दिवे ताटात लावलेले. ते विझू नयेत म्हणून मे महिन्यात पंखा बंद, सगळ्या घामाघूम.

गप्पा सुरू झाल्या ‘प्रोजेक्ट रनवे’ या अमेरिकन टीव्हीवरच्या फॅशन स्पर्धेवरून. 2004 च्या पहिल्याच भागात स्पर्धकांना किराणा दुकानातल्या वस्तूंचे कपडे करायला लावले होते आणि मक्याच्या सालींचा ड्रेस जिंकला होता. ‘आमचा टेलर अस्तर मिळत नाही म्हणून महिनाभर ब्लाऊज देत नाही,’ एकीचं म्हणणं. तिथून गाडी युद्धावर आली. भारत-पाकिस्तान युद्धविरामाला जेमतेम आठ दिवस झाले होते, 7 मेच्या मॉक ड्रिलचा भोंगा सगळ्यांच्या कानात ताजा. टेलरवाली तीच म्हणाली, ‘एकदाच अणुबॉम्ब टाकून मोकळं व्हायला हवं होतं.’

मी म्हटलं, ‘अगं, अणुभट्टी फुटली ते चेर्नोबिल कुठे, मुंबई कुठे! तरी आयर्लंडहून आलेल्या लोण्यात किरणोत्सर्ग आहे म्हणून मुंबईतला खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. आणि लाहोर तर अमृतसरला खेटून आहे.’

‘तू तिकडे बसून बोल,’ उत्तर आलं.

टोमणा अगदीच खोटा नाही. भोंगा मी ऐकला नाही. पण ते वाक्य तिचं नव्हतं, ते टीव्हीवरचं होतं. बातम्यांच्या स्टुडिओत तसेच झगझगीत दिवे, तसेच परीक्षक, जाहिरातीआधी तसाच श्वास रोखायला लावणं. फरक इतकाच की फॅशनच्या स्पर्धेत मॉडेल चालून परत येईपर्यंत शिवण टिकावी लागते. स्टुडिओतल्या वाक्याची शिवण कोण तपासतं?

इथे अमेरिकेत भीती आधी शिकवतात. माझी शेजारीण बारा वर्षांची असताना, 20 नोव्हेंबर 1983 ला, एबीसी वाहिनीने अणुयुद्धावरचा चित्रपट दाखवला. सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. त्यानंतर विमानाचा आवाज आला की ती जिन्याखाली लपायची. आणि माझी नात सहा वर्षांची. तिच्या शाळेत सराव असतो : बंदूकवाला शिरला तर दार लावायचं, दिवे घालवायचे, कोपऱ्यात गप्प बसायचं. डिसेंबर 1971 मध्ये मीही सहाच वर्षांची होते. खिडक्यांना काळा कागद, बाहेरून ‘दिवा घालवा’ अशी ओरड. पण तेव्हा अख्खी गल्ली अंधारात होती, आणि आजी शेजारी बसून भेंड्या लावत होती. नात घरी येऊन फक्त सांगते की ती अजिबात हलली नाही.

मैत्रिणींना हे सांगितलं. ‘टाकून मोकळं व्हा’ म्हणणारी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘सहा वर्षांच्या पोरीला?’

तेवढ्यात शेवटचा दिवा विझला आणि कुणीतरी पंखा लावला.